दिलेल्या शब्दाचें ऋण

(शास्त्राधार: यहोशवा, अध्याय ९ व २२, २ शमुवेल, अध्याय २१)



बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जे नाना प्रकारचे लोक आले त्यांत शिपाईहि होते, आणि आम्हीं काय करावें असें त्यांनीं त्यास विचारिलें, हें लूककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायांत आपण वाचितों. योहानानें त्यांस शिपाईगिरी सोडा असें सांगितलें नाहीं. कोणास लुबाडूं नका, कोणावर खोटा आळ घेऊं नका, आणि आपल्या पगारांत तृप्त असा, एवढेंच त्यानें सांगितलें. हा उपदेश सैनिकांस पुष्कळ वेळां ऐकविला जातो. परंतु त्याची जी दुसरी बाजू आहे तिच्याकडे ऐकविणाऱ्यांचें लक्ष क्वचितच जातें. सैनिकानें आपल्या पगारांत तृप्त असावें हें खरें असेल, तर जें त्याचें ठरलें तें त्याच्या हातीं पडलें पाहिजे हेंहि तितकेंच खरें आहे. स्वतःच्या खर्चानें लढाईवर कोण जातो, असें प्रेषित पौल करिंथकरांस विचारितो. त्याचें उत्तर त्यानें दिलें नाहीं, कारण तें सर्वांस ठाऊक होतें.

आज आम्ही या दुसऱ्या बाजूविषयीं लिहिणार आहों. ज्यांनीं आपलें सारें तारुण्य सैन्यांत घालविलें त्यांस दिलेलें वचन मोडलें म्हणजे काय होतें? आणि असें वचन पाळण्याचें ओझें कोणावर आहे? ज्यानें तें तोंडानें उच्चारिलें त्याच्यावर, कीं ज्याच्या नांवानें तें उच्चारिलें त्याच्यावर? हा प्रश्न मोठ्या राष्ट्रांपुढें आला आहे, आणि आपल्या खेड्यांतील लहान मंडळ्यांपुढेंहि तो येत असतो.

गिबोनकरांस वाहिलेली शपथ

यहोशवाच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायांतील गोष्ट आपल्या शब्बाथशाळेंतील मुलांसहि ठाऊक आहे. गिबोन नगराचे लोक इस्राएलास भ्याले. त्यांनीं जुन्या गोणी, ठिगळें लाविलेल्या मशका, झिजलेले जोडे व बुरसलेल्या भाकरी बरोबर घेतल्या, आणि आम्ही फार दूर देशाहून आलों आहों अशी बतावणी केली. इस्राएलाच्या सरदारांनीं परमेश्वराचा सल्ला न घेतां त्यांच्याशीं सलोख्याचा करार केला व शपथ वाहिली. तीन दिवस लोटल्यावर कळलें कीं, हे लोक तर शेजारचेच आहेत!

मग सगळी मंडळी सरदारांविरुद्ध कुरकुर करूं लागली. वाचकहो, आपण क्षणभर त्या सरदारांच्या जागीं उभें राहून पाहूं. करार मोडावयास त्यांच्याजवळ सबबींची वाण होती काय? आमचा शब्द कपटानें घेतला, ही एक सबब. देवाची आज्ञा घेतल्यावांचून तो शब्द देण्याचा अधिकारच आम्हांस नव्हता, ही दुसरी. लोकांस हा करार मान्य नाहीं, ही तिसरी. यांपैकीं एकहि सबब त्यांनीं पुढें केली नाहीं. आम्हीं परमेश्वराच्या नांवानें शपथ वाहिली आहे, म्हणून या लोकांस आम्हांला हात लावितां येत नाहीं, असें त्यांनीं मंडळीस सांगितलें. कपट केल्याबद्दल गिबोनकरांस लाकडें तोडण्याचें व पाणी वाहण्याचें काम मिळालें, पण त्यांचा जीव वांचला. पुढें पांच राजे गिबोनावर चालून आले, तेव्हां आम्हांस सोडूं नका, लवकर या, असा त्यांनीं निरोप पाठविला. आणि यहोशवा गिलगालाहून रात्रभर मजल मारून त्यांच्या मदतीस धांवला.

ज्यांस शब्द देण्याचा अधिकार नव्हता त्यांनीं तो दिला, आणि तरीहि सर्व राष्ट्रानें तो पाळला. ही गोष्ट मनांत धरून आतां आपण आपल्या काळाच्या जवळची एक खरी हकीकत पाहूं.

वीस वर्षांच्या नोकरीचा बोल

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत आणि त्यानंतरच्या वर्षांत सैन्यभरती करणारे अधिकारी तरुणांस एक गोष्ट सांगत असत. सैन्यांत निदान २० वर्षें नोकरी करा. म्हणजे पेन्शन तर मिळेलच, शिवाय तुमचा व तुमच्या घरच्या माणसांचा औषधोपचार सैन्याच्या इस्पितळांत जन्मभर फुकट होईल. त्या देशांत आजारपणाचा खर्च फार मोठा असतो, म्हणून हा बोल लहान नव्हता. त्याच्या भरंवशावर पुष्कळांनीं सैन्य हाच आपला जन्माचा धंदा केला. वारंवार बिऱ्हाडें हललीं, मुलांच्या शाळा बदलल्या, आणि बायकांनीं वर्षेंच्या वर्षें एकटीनें संसार केला. यांतील कित्येक जण महायुद्धांत लढले, १९५० सालीं सुरू झालेल्या कोरियाच्या लढाईंत लढले, आणि त्यानंतर व्हिएतनामांतहि गेले.

परंतु असा जन्मभराचा फुकट उपचार देण्याची गोष्ट कायद्याच्या पुस्तकांत कोठेंहि लिहिलेली नव्हती. १९५६ सालीं जो कायदा झाला त्यांत इतकेंच होतें कीं, इस्पितळांत जागा असेल व वैद्यांस सवड असेल तर निवृत्त सैनिकांस उपचार मिळावा. इस्पितळांत जागा होती तोंपर्यंत तोंडचा बोल आणि छापील कायदा यांमधील अंतर फारसें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. पुढें १९६६ सालीं निवृत्त सैनिकांस बाहेरच्या वैद्यांकडे जातां यावें म्हणून निराळी योजना निघाली. पण ती त्यांच्या वयाच्या ६५ व्या वर्षीं बंद होत असे. त्यानंतर सैनिकानें इतर वृद्ध नागरिकांप्रमाणें मेडिकेअर नांवाच्या सरकारी विम्याकडे जावें, असा नियम होता. आणि त्या विम्यांत वैद्यांच्या बिलांच्या भागासाठीं दरमहा पैसे भरावे लागतात. शेवटीं १९८८ पासून १९९५ पर्यंत चार वेळां लष्करी तळ बंद करण्याचे ठराव झाले, आणि तळांबरोबर पुष्कळ ठिकाणचीं इस्पितळेंहि मिटलीं. मग ज्याचे केस सैन्यांत पांढरे झाले तो म्हातारा शिपाई दाराशीं जाई, आणि जागा नाहीं असें उत्तर घेऊन परत येई. ज्या वयांत औषधाची गरज अधिक, त्याच वयांत दार बंद झालें.

या लोकांच्या वतीनें न्यायालयांत जो वकील उभा राहिला तो स्वतः जुना सैनिक होता. त्याचें नांव कर्नल जॉर्ज डे. लोक त्यास बड डे म्हणत. महायुद्धांत तो नौसैनिक दलांत होता, मग कायद्याचें शिक्षण घेऊन पुढें विमानदलांत गेला. १९६७ सालीं उत्तर व्हिएतनामांत त्याचें विमान पाडलें गेलें व तो कैद झाला. मोडलेल्या हातानें तो पळाला, रानावनांतून दक्षिणेस आपल्या लोकांच्या ठाण्याजवळ पोंचला, आणि पुनः पकडला गेला. शत्रूनें त्याचे हाल केले, तरी आपल्या सोबत्यांस धोका होईल असें कांहीं त्यानें सांगितलें नाहीं. १९७३ सालीं, पांच वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, त्याची सुटका झाली, आणि १९७६ सालीं त्या देशाचें शौर्याचें सर्वांत मोठें पदक त्यास मिळालें. वाचकहो, विचार करा. ज्या माणसानें देशास दिलेला शब्द शत्रूच्या तुरुंगांत पाळला, त्यास त्याच देशाविरुद्ध शब्द पाळावा म्हणून फिर्याद मांडावी लागली.

ती फिर्याद दोन वृद्ध निवृत्त सैनिकांच्या नांवानें १९९६ सालीं दाखल झाली. सरकारनें वचन दिलेंच नव्हतें असें सरकारी वकिलांनीं म्हटलें नाहीं. भरती करणाऱ्यांनीं तें चांगल्या हेतूनें दिलें व सैनिकांनीं त्यावर भरंवसा ठेविला, हें त्यांनीं कबूल केलें. त्यांचें म्हणणें एवढेंच होतें कीं, भरती करणाऱ्यांस तें देण्याचा अधिकार नव्हता. २००१ सालच्या फेब्रुवारींत अपिलाच्या न्यायालयांतील तीन न्यायाधीशांचा निकाल सैनिकांच्या बाजूनें झाला. पण पुढें त्याच न्यायालयाच्या सगळ्या न्यायाधीशांनीं एकत्र बसून पुनः विचार केला, आणि २००२ सालच्या नोव्हेंबरांत ९ विरुद्ध ४ अशा मतांनीं तो निकाल फिरविला. सरकारच्या खजिन्यांतून खर्च मंजूर करण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तेथील कायदे करणाऱ्या सभेला आहे. तिनें असें वचन दिलें नव्हतें. म्हणून तें वचन सरकारावर कायद्यानें बांधील नाहीं. या सैनिकांच्या सेवेबद्दल न्यायाधीशांनीं आदर दाखविला, आणि दिलेल्या शब्दाचें काँग्रेस कांहीं चांगलें करील अशी आशा आम्ही करूं शकतों, यापलीकडे आमच्या हातीं नाहीं, असें सांगितलें. २००३ सालीं त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें हें प्रकरण ऐकण्याचें नाकारलें.

कायद्याचा निर्दोषपणा

आम्ही न्यायाधीशांस दोष देत नाहीं. कोणीहि कारकून उठला आणि त्यानें खजिन्याच्या नांवानें हवें तें कबूल केलें, तर राज्य चालणार नाहीं. लोकांचा पैसा लोकांच्या सभेच्या हुकुमावांचून खर्च होऊं नये हा नियम चांगला आहे, आणि गरिबांच्या रक्षणासाठींच तो झाला आहे. परंतु न्यायालयांत जो निर्दोष ठरला तो देवाच्या समोरहि निर्दोष ठरतोच असें नाहीं.

आपल्या गांवच्या चालीवरून पाहा. पूर्वीं बलुत्याची चाल होती तेव्हां गांवचा जागल्या वर्षभर रात्रीं जागे. सगळा गांव निजलेला असे, आणि हा पावसांत व थंडींत वेशीपासून वेशीपर्यंत फेऱ्या घाली. त्याच्या हातांत कोणी लेख दिलेला नसे. सुगीच्या दिवशीं खळ्यावर आपला वांटा मिळेल, एवढ्याच भरंवशावर तो जागत असे. समजा, सुगी आली, तो खळ्यावर आला, आणि धनी म्हणाला: बाबा, तुला कोणीं सांगितलें होतें? पाटलानें ना? तो तर गेल्या वर्षीं वारला. आणि माझ्या खळ्यांतून धान्य देण्याचा त्यास अधिकार तरी काय होता? धन्याच्या बोलण्यांत कदाचित् एकहि शब्द खोटा नसेल. तरी ज्या रात्रीं त्याच्या घरावर दरोडा पडला नाहीं त्या रात्रींचें देणें त्याच्या माथ्यावर राहिलेंच. पाटलाचा बोल त्यानें वर्षभर उपभोगिला. बोलाचें फळ ज्यानें खाल्लें, बोल फेडण्याचें ओझेंहि त्याचेंच.

अमेरिकेच्या सैनिकांचें गाऱ्हाणें असेंच होतें. भरती करणाऱ्याचा बोल अधिकाराचा नव्हता. परंतु त्या बोलानें मिळालेलीं २० वर्षें राष्ट्रानें घेतलीं. तीं परत देतां येण्यासारखीं नव्हतीं.

या कथेंत आशेचाहि एक भाग आहे. फिर्याद चालू होती तेव्हांच, २००० सालच्या ऑक्टोबरांत, काँग्रेसनें नवा कायदा केला. १ ऑक्टोबर २००१ पासून ६५ वर्षांवरील निवृत्त सैनिकांसाठीं अशी योजना सुरू झाली कीं, मेडिकेअरनें आपला भाग दिल्यावर उरलेल्या खर्चाचा बहुतेक भाग सैन्याच्या योजनेनें सोसावा. मेडिकेअरची दरमहाची रक्कम सैनिकासच भरावी लागते, म्हणून पहिला बोल पुरा झाला असें म्हणतां येत नाहीं. तरी ऋण आहे हें मानून राष्ट्रानें मोठा भाग फेडला. त्या दिवसाची वाट पाहतां पाहतां जे मरण पावले त्यांस मात्र त्याचा कांहीं उपयोग झाला नाहीं.

उमेद कशी खचते

कोणी म्हणेल, एवढें काय मोठें? पैशाचीच गोष्ट ना? पैशाचीच असती तर ती पैशानें भरून निघाली असती. मोडलेल्या वचनानें जें जातें तें सैनिकाच्या मनांतून जातें.

इंग्लंडच्या आरमारांतील एक हकीकत ऐका. १९३१ सालीं त्या देशावर पैशाची मोठी अडचण आली, आणि सरकारनें पगार कमी करण्याचें ठरविलें. १९१९ साली ठरलेल्या दरानें जुन्या खलाशांस पगार मिळत होता, आणि तो तसाच चालेल असा त्यांचा भरंवसा होता. तो मोडून अनुभवी खलाशाचा रोजचा पगार ४ शिलिंगांवरून ३ शिलिंगांवर आणण्याचें ठरलें, म्हणजे चौथा हिस्सा गेला. वरच्या अधिकाऱ्यांचा पगार इतक्या प्रमाणांत कापला जाणार नव्हता. ही बातमी पुष्कळ खलाशांस आपल्या वरिष्ठांकडून न मिळतां वर्तमानपत्रांतून कळली. त्या वेळीं स्कॉटलंडांतील इन्व्हरगॉर्डन बंदरांत आरमार नांगरलेलें होतें. १५ सप्टेंबर रोजीं कित्येक जहाजांवरील खलाशांनीं जहाजें समुद्रांत नेण्याचें नाकारलें. त्यांनीं कोणाचा जीव घेतला नाहीं. ते पुढच्या डेकवर जमले, गाणीं गाइलीं, आणि कामावर गेले नाहींत. दोन दिवसांत तें प्रकरण मिटलें. पगाराची कपात दहाव्या हिश्शावर आली, आणि पुढें अनेक खलाशांस आरमारांतून काढून टाकण्यांत आलें. परंतु जगांतील एवढें मोठें आरमार दोन दिवस जागच्या जागीं थांबलें, ही बातमी पसरतांच लोकांनीं इंग्लंडांतून आपला पैसा अधिकच झपाट्यानें काढून नेला, आणि २१ सप्टेंबर रोजीं त्या देशास आपल्या चलनाचा सोन्याशीं असलेला संबंध तोडावा लागला. वादळाला व तोफांना न भिणारे हे लोक होते. एका शिलिंगाच्या कपातीपेक्षां, आपणांस कोणीं विचारलेंहि नाहीं, ही गोष्ट त्यांच्या मनास अधिक लागली.

आपल्या देशांतहि पाहा. सातारा जिल्ह्यांत अपशिंगे नांवाचें गांव आहे. घरोघरचीं माणसें सैन्यांत जातात म्हणून लोक त्यास मिलिटरी अपशिंगे म्हणतात. अशा गांवांत मुलगा सैन्यांत जातो तो भरतीची जाहिरात वाचून जात नाहीं. ओट्यावर बसलेला आजा काय सांगतो तें ऐकून तो जातो. आजा समाधानानें बोलला तर नातू कंबर बांधितो. आजानें मान फिरविली तर सरकारच्या शंभर जाहिरातींनीं कांहीं होत नाहीं. म्हणून म्हाताऱ्या सैनिकाशीं जें वर्तन होतें तें तरुण सैनिक टक लावून पाहत असतो.

आणि आमच्या कित्येक वाचकांच्या घराण्यांस हें दुःख दुसऱ्यानें सांगावयास नको. महार समाजाचे लोक पिढ्यानपिढ्या मुंबई इलाख्याच्या फौजेंत होते. कोरेगांव भीमा येथें १८१८ सालच्या लढाईचा जो स्तंभ आहे त्यावर त्यांच्या वीरांचीं नांवें कोरलेलीं आहेत. फौजेंत त्यांस पगार मिळे, पेन्शन मिळे, त्यांच्या मुलांस शाळा मिळे, आणि गांवांत जो मान मिळत नसे तो मिळे. डॉ. आंबेडकरांचे वडील याच फौजेंत सुभेदार होते. परंतु अमुक जाती लढाऊ आणि अमुक जाती लढाऊ नाहींत असें मत सरकारांत प्रबळ झालें, आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद करण्यांत आली. येथें कोणीं लेखी वचन दिलें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तीन पिढ्यांनीं दिलेलें रक्त हाच एक करार होता. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनीं १८९४ सालीं या अन्यायाविरुद्ध अर्ज तयार केला. पहिल्या महायुद्धांत माणसांची गरज लागली, तेव्हां १९१७ सालीं महारांची एक पलटण उभारली. युद्ध संपल्यावर १९२१ सालीं ती मोडली. दुसऱ्या महायुद्धांत पुनः गरज लागली, तेव्हां १९४१ सालीं बेळगांव येथें महार रेजिमेंटची स्थापना झाली, आणि ती आजपर्यंत देशाची सेवा करीत आहे. गरज लागली म्हणजे हांक मारावयाची, आणि गरज सरली म्हणजे विसरावयाचें, याची चव ज्यांच्या पूर्वजांनीं घेतली ते परक्या देशांतील म्हाताऱ्या सैनिकाचें दुःख सहज समजतील.

मोशेचा शब्द आणि शौलाचा उत्साह

शब्द देणारा मरून गेला तर काय करावें? याहि प्रश्नाचें उत्तर शास्त्रांत आहे. रऊबेन व गाद यांच्या वंशांनीं यार्देनेच्या पूर्वेची जमीन मागितली होती. तुमचे लढाऊ पुरुष भावांबरोबर पुढें चालोत. युद्ध संपलें म्हणजे ही जमीन तुमची, असा शब्द मोशेनें त्यांस दिला. मोशे नदीच्या अलीकडेच वारला. ते पुरुष मात्र आपलीं बायकामुलें मागें ठेवून वर्षानुवर्षें लढले. शेवटीं यहोशवानें त्यांस बोलाविलें. तुमच्याशीं बोलणारा मोशे होता, मी नव्हतों, असें तो म्हणाला नाहीं. त्यांनीं आपलें कर्तव्य पुरें केलें अशी त्यानें सर्वांदेखत साक्ष दिली, त्यांस आशीर्वाद दिला, आणि गुरेंढोरें, सोनें, रुपें व वस्त्रें देऊन त्यांस त्यांच्या जमिनीवर पाठविलें. पूर्वीच्या पुढाऱ्याच्या जागीं जो बसतो तो त्याच्या गादीबरोबर त्याचे शब्दहि घेतो.

याच्या उलट शौल राजाची गोष्ट आहे. गिबोनकरांस शपथ वाहिल्यास शेंकडों वर्षें लोटलीं होतीं. शौलानें इस्राएलाविषयींच्या उत्साहानें त्या लोकांस मारलें. लक्षांत घ्या, त्यानें हें स्वतःच्या लोभानें केलें असें शास्त्र म्हणत नाहीं. आपल्या लोकांचें हित करितों असेंच त्यास वाटलें असावें. जुना करार त्यास अडचणीचा वाटला. त्याच्या हयातींत कांहीं घडलें नाहीं. पण दावीदाच्या काळीं तीन वर्षें दुष्काळ पडला, आणि दावीदानें परमेश्वरास विचारिलें तेव्हां कारण कळलें कीं, शौलानें गिबोनकरांची हत्या केली होती. शब्द मोडणारा एक, आणि उपाशी मरणारे दुसरे! जुने सैनिक सैन्यांत असतां वचन मोडलें जातें, तेव्हां सुरुवातीस खजिन्यांत चार पैसे वांचलेले दिसतात. दुष्काळ पुढें पडतो, आणि तो विश्वासाचा दुष्काळ असतो.

आपणांस याचा उपयोग

आतां आपण आपल्या मंडळ्यांकडे वळूं, कारण दुसऱ्या राष्ट्रांचीं पापें मोजून कोणाचें कल्याण होत नाहीं.

पहिली गोष्ट, बंधु उपदेशकांनो, तुमच्यासाठीं आहे. तुम्ही मंडळीच्या नांवानें बोलतां. मुलगा शाळेंत घाला, फी मंडळी भरील. देऊळ झाडण्याचें काम करा, वर्षाचें धान्य मंडळी देईल. असे शब्द उत्साहाच्या भरांत सहज तोंडांतून जातात. अमेरिकेंतील भरती करणारेहि लबाड नव्हते; चांगल्या हेतूनेंच ते बोलले. म्हणून शब्द देण्यापूर्वीं पंचांस विचारा, आणि झालें तें वहींत लिहा. गिबोनकरांच्या गोष्टींत सरदारांचा दोष हाच होता कीं, त्यांनीं अगोदर विचारिलें नाहीं.

दुसरी गोष्ट मंडळीच्या पंचांसाठीं आहे. तुमच्या माणसानें शब्द दिला, आणि त्या शब्दावर कोणीं आपला घाम गाळिला, तर मग तो शब्द आमच्या ठरावाच्या वहींत नाहीं असें म्हणून मोकळे होऊं नका. ज्यानें बोलावयास नको होतें तो बोलला असेल, तर त्यास एकांतांत सांगा. पण ज्यानें काम केलें त्याचें देणें आधीं द्या. पूर्वींचा उपदेशक बदलून गेला, जुने पंच वारले, यानें मंडळी बदलत नाहीं.

तिसरी गोष्ट, पेन्शन घेऊन गांवीं आलेल्या सैनिक बंधूंनो, तुमच्यासाठीं आहे. आपला हक्क मागणें म्हणजे लोभ असें कोणी तुम्हांस सांगेल. गिबोनकरांनीं यहोशवाकडे निरोप पाठविला तेव्हां त्यांनीं भीक मागितली नाहीं. करार आठवून दिला. तुम्हीहि कायद्याच्या वाटेनें, सत्यानें व धीरानें मागा. कर्नल डे २०१३ सालीं वारला. न्यायालयांत त्याची हार झाली, तरी आपल्या सोबत्यांचें गाऱ्हाणें मांडण्याचें त्यानें सोडलें नाहीं. मात्र ज्यानें तुमच्याशीं शब्द मोडला त्याच्यासारखे तुम्ही होऊं नका. तुमच्या शेतावर मजूर असेल, घरीं मोलकरीण असेल. तिला दिलेला शब्द शनिवारीं संध्याकाळीं पुरा होतो कीं नाहीं तें पाहा. मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वीं द्यावी अशी मोशेच्या नियमशास्त्रांत आज्ञा आहे, कारण त्याचें सारें मन तिच्याकडे लागलेलें असतें. सैनिकाची सुगी २० वर्षांनीं येते, मजुराची संध्याकाळीं. पण दोघांचें मन सारखेंच लागलेलें असतें.

आणि शेवटची गोष्ट सर्वांसाठीं. आपल्या गांवांत असा कोणी म्हातारा शिपाई असेल, ज्याची पेन्शन कागदाच्या एका चुकीमुळें अडकली आहे, अथवा असा कोणा शिपायाची विधवा असेल, जिला कोणत्या कचेरींत जावें हेंहि कळत नाहीं, तर त्यांच्या घरीं जा. जो लिहितो-वाचतो त्यानें त्यांचा अर्ज लिहावा. ज्यास जिल्ह्याच्या गांवीं जाण्याचें काम असेल त्यानें त्यांस बरोबर घ्यावें आणि कचेरीच्या दारापर्यंत पोंचवावें. राष्ट्रांचीं मोठीं वचनें पाळविण्याचें सामर्थ्य आपल्या हातीं नसेल, पण दाराशीं एकट्या उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूस जाऊन उभें राहण्याचें सामर्थ्य आपल्या सर्वांच्या हातीं आहे.

जो आपले करार पिढ्यानपिढ्या पाळतो, तो देव आपणांस दिलेला शब्द पाळण्याचें बळ देवो. आमेन.